दुपारचे हृषीदा

आळूवडी

काल दुपारी जेवणं उरकली, ओटा आवरला आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन टीव्हीसमोर बसले. काय लावायचं ते ठरवलं नव्हतं. जुन्या सिनेमांच्या वाहिनीवर 'चुपके चुपके' निम्मा होऊन गेला होता. धर्मेंद्र ड्रायव्हर बनून ओमप्रकाशपुढे शुद्ध हिंदी पाजळत होता आणि ओमप्रकाशचा चेहरा कच्चं कारलं खाल्ल्यासारखा. म्हटलं, पाच मिनिटं बघू. मेथी निवडून झाली, मग उगाच काड्या निवडत बसले, नवऱ्याने स्वतःहून चहा केला (नोंद घ्यावी), आणि सिनेमा संपला तेव्हा पावणेसहा वाजले होते.

कितव्यांदा पाहिला ते मोजलेलं नाही. पण काल एक गोष्ट लक्षात आली म्हणून हा धागा. हृषिकेश मुखर्जींचा एकही सिनेमा मी थिएटरात पाहिलेला नाही. एकही! सगळे टीव्हीवर, आणि त्यातले निम्मे तरी मधूनच. तरी काही हुकलं असं कधी वाटलं नाही. उलट मी तर म्हणेन, ते टीव्हीवरच जास्त खुलतात.

आता बघा, 'शोले' आणि 'चुपके चुपके' दोन्ही १९७५चे. धर्मेंद्र, अमिताभ, जया, असरानी, केश्टो मुखर्जी, पाचही जण दोन्हीकडे आहेत. पण 'शोले' आमच्या बत्तीस इंची टीव्हीवर बघणं म्हणजे हत्ती बाल्कनीत बांधणं. हृषीदांचा कारभार कसा, दिवाणखाना, जिना, जेवणाचं टेबल आणि फार तर बाग. आवाज चढवायचा तो शेजारच्या खोलीतल्याला हाक मारण्यापुरता. आमच्याच हॉलमध्ये चाललंय असं वाटतं, फक्त त्यांचा सोफा बरा आहे.

पहिला पाहिलेला 'गोलमाल'. ऐंशीच्या दशकातली एक रविवार संध्याकाळ, आमची सदाशिव पेठेतली दोन खोल्यांची जागा. बाबा पोस्टात हेडक्लार्क. भरदार मिशी, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि ऑफिसात क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणाऱ्यांवर विशेष राग. पडद्यावर मिशीचा आणि शिस्तीचा भोक्ता साहेब भवानीशंकर, म्हणजे उत्पल दत्त, बोलायला लागला तशी आई पदर तोंडाला लावून आत गेली. आम्ही तिघं भावंडं टीव्ही सोडून बाबांकडेच बघत होतो. बाबा गंभीर. अर्ध्यावर कधीतरी म्हणाले, "माणूस बरोबर बोलतोय."

शेवटी भवानीशंकरची स्वतःची मिशी जाते तेव्हा मात्र "शेवट काही पटला नाही" म्हणून उठले.

तर सांगा, तुमचे हृषीदा कुठे भेटले? कोणाच्या टीव्हीवर?

गच्चीवरचा_बगळा

आमच्याकडे टीव्ही नव्हता. वाड्यात एकच, मालकांकडे. लाकडी शटरचं कपाट, पुढे डोळ्यांना त्रास नको म्हणून लावलेली निळी काच. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. मालकीणबाई दारात उभ्या राहून पोरांचे पाय बघायच्या, मळके असतील तर परत नळावर. अँटेना सिंहगडाच्या दिशेला, आणि ती हलवायची ड्युटी माझी. त्यामुळे बरेचसे सिनेमे मी गच्चीवरून "आलं का? आता आलं का?" असे ऐकलेत.

'मिली'ची गंमत सांगतो. सिनेमा मध्येच थांबवून बातम्या लागायच्या, ते जुन्या लोकांना आठवत असेल. बातम्या लागल्या म्हणून सगळे जेवायला घरी पळालो. परत आलो तर शेवटचा अर्धा तास राहिलेला आणि दिवे गेले. आजारी मिलीचं पुढे काय झालं ते मला तीन-चार वर्षं कळलं नाही. मग पुन्हा लागला तेव्हा घट्ट बसून शेवटपर्यंत पाहिला. विमान उडतं, बाप खालून बघतो, संपलं. म्हणजे हृषीदांनीही सांगितलेलंच नाही! इतकी वर्षं मी वीजमंडळाला शिव्या देत होतो.

आळूवडी

@बगळा, हसून हसून पुरेवाट!

पेन्शनर_नं_१

मी १९५९ साली 'अनाडी' थेटरात पाहिलेला माणूस आहे, तेव्हा धागाकर्तीने ज्येष्ठांचा मान ठेवावा. तिकीट किती होतं विचारू नका, बोर होईल असं नातवाने बजावलंय.

ललिता पवार म्हणजे खाष्ट सासू, हे आमच्या घरात ठरलेलं. पडद्यावर आली की आमची आई बोटं मोडायची. 'अनाडी'त तीच बाई राज कपूरची घरमालकीण मिसेस डीसा. तोंडाने फाडफाड बोलते आणि हाताने वाढत असते. ती मरते तेव्हा आमच्या मातोश्री ढसाढसा रडल्या आणि घरी येताना म्हणाल्या, "हिला मी उगाच बोलत होते." सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं तिला त्या भूमिकेसाठी. पुढे 'आनंद'मधली मेट्रनही तीच, आणि नावही पुन्हा डीसाच. हृषीदांना ते नाव आवडलं असावं, किंवा ती बाई.

बाकी टीव्हीवर जास्त खुलतात हे अर्धं मान्य. 'अनुराधा' मी टीव्हीवर पाहिला आणि बरं झालं. रविशंकरचं संगीत, खेड्यातला डॉक्टर बलराज साहनी, गाणं सोडून आलेली लीला नायडू. मोठ्या पडद्यावर मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत बसलो असतो. टीव्हीवर बघताना तिचं दिवसभर घरात एकटं असणं कळलं. तोवर माझीही पत्नी तीस वर्षं घरात होती, तेही कारण असेल.

कात्री_आणि_डिंक

आळूवडीताई, मधूनच लावला तरी चालतो हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्यामागे कारागिरी आहे. हृषीदा मुळात संकलक. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये शिकले, बिमल रॉयबरोबर मुंबईत आले. 'दो बीघा ज़मीन' त्यांनी कापलाय, 'मधुमती' त्यांनी कापलाय. दिग्दर्शक म्हणून नाव झाल्यावरही इतरांचे सिनेमे कापत होते. मल्याळममधला 'चेम्मीन' घ्या. आणि मनमोहन देसाईंचा 'कुली' घ्या! हो, तोच. 'आनंद' करणाऱ्या माणसाने 'कुली'वर कात्री चालवलीय.

आता यांचा कुठलाही प्रसंग बघा. माणूस दारातून येतो, दोन वाक्यं होतात, तिसऱ्याच्या चेहऱ्यावर जातो आणि कापलं. माणसाला जिना चढताना उगाच दाखवायचं नाही. प्रत्येक प्रसंगात थोडक्यात कळतं कोण कोणापासून काय लपवतंय. लपवाछपवीच्या गोष्टीत प्रेक्षकाला सगळं माहीत हवं आणि पडद्यावरच्या एकाला तरी माहीत नको, मग हशा येतोच. 'गोलमाल'मध्ये खोटी आई बनलेली दीना पाठक खिडकीतून घरात शिरते तिथे आपल्याला धाप लागते, कारण भवानीशंकर बाहेरच्या खोलीत बसलाय हे आपल्याला विसरूच दिलेलं नाही. जाहिरातींनी पंधरा वेळा तोडला तरी धागा तुटत नाही तो यामुळे.

आणि घराचं म्हणाल तर पहिल्याच सिनेमापासून. 'मुसाफिर', १९५७. एकच भाड्याचं घर, एकामागून एक तीन बिऱ्हाडं. लग्न, जन्म, मृत्यू. लेखनात ऋत्विक घटक. तेव्हा फारसा चालला नाही, पण पुढची चाळीस वर्षं हा माणूस त्याच घरात राहिला असं मला वाटतं.

मोगरा७१

थांबा थांबा! तीन बिऱ्हाडांचा तो सिनेमा 'मुसाफिर' होय? लहानपणी अर्धवट पाहिलेला, त्यात दिलीपकुमार आजारी असतो आणि स्वतःच्या आवाजात गातो, असं मी घरात सांगायचे तर सगळे मला वेड्यात काढायचे.

कात्री_आणि_डिंक

तोच. 'लागी नाहीं छूटे', लताबाईंबरोबर. संगीत सलील चौधरी. घरच्यांना हा प्रतिसाद दाखवा.

उगवतीचा_बाण

मस्त धागा. माझे आवडते हृषीदा: गोलमाल, बावर्ची, छोटी सी बात, कथा, अंगूर.

पेन्शनर_नं_१

बाणा, पाचातले तीन नेम चुकले. 'छोटी सी बात' बासू चटर्जींचा, 'अंगूर' गुलज़ारांचा आणि 'कथा' आपल्या सई परांजप्यांचा. तो तर मुळात 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून आलाय.

उगवतीचा_बाण

अमोल पालेकर किंवा दीप्ती नवल दिसली की आमच्या घरी हृषीदाच म्हणतात हो. :)

आळूवडी

आमच्याकडेही. भावाने एकदा 'कथा'वरून पैज हरून सगळ्यांना मस्तानी पाजली आहे.

उंबरठा_ओलांडून

कोणी एकत्र लिहिलेलं दिसत नाही म्हणून लिहिते. त्यांच्या सिनेमांतली मराठी माणसं मोजायला बसलं तर एक आख्खी पंगत होते. उषाकिरण 'मुसाफिर'मध्ये दिलीपकुमारसमोर, मग पंधरा-अठरा वर्षांनी 'बावर्ची', 'चुपके चुपके' आणि 'मिली'. 'चुपके चुपके'त ओमप्रकाशची बायको तीच. नवऱ्यासमोर ती ज्या साळसूद चेहऱ्याने वावरते त्याला तोड नाही! दुर्गाबाई खोटे 'बावर्ची' आणि 'अभिमान'मध्ये. शुभा खोटे 'अनाडी'त तरुण, 'गोलमाल'मध्ये आत्या. मध्ये वीस वर्षं.

'आनंद'मध्ये रमेश देव-सीमा देव तर डॉ. कुलकर्णी आणि सुमन कुलकर्णी म्हणूनच. खऱ्या नवरा-बायकोला नवरा-बायको केलं आणि आडनावही आपलं ठेवलं. मला आनंदपेक्षाही हे जोडपं बघायला आवडतं. श्रीमंत पेशंटांचे नसलेले आजार बरे करून पैसे मिळवणारा, पण मित्राच्या पाठीशी उभा राहणारा साधा डॉक्टर. दोघंही आता नाहीत. परवा सिनेमा लागला तेव्हा सीमाताई आनंदकडे बघताना डोळे पुसतात, तिथे मला वेगळ्याच कारणाने भरून आलं.

अजून एक. 'हम को मन की शक्ति देना' ही प्रार्थना आमच्या शाळेत रोज असायची. ती 'गुड्डी'तली आहे आणि चाल वसंत देसाईंची, हे मला टीव्हीवर 'गुड्डी' बघताना कळलं. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते. सवय!

गच्चीवरचा_बगळा

आणि 'रंग बिरंगी'तला एसीपी धुरंधर भाटवडेकर! उत्पल दत्त, अस्सल बंगाली, पण त्या नावाला जागला.

जया भादुरी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून थेट 'गुड्डी'त गेली, हे धाग्यावर इतके पुणेकर असून अजून कोणी लिहिलं नाही याबद्दल खेद व्यक्त करतो.

आळूवडी

राखून ठेवलं होतं. :)

खारे_वारे

फ्रीमाँटहून. मुलगा अकरा वर्षांचा. मागच्या आठवड्यात धीर करून त्याला 'चुपके चुपके' दाखवला. आम्ही दोघं हसतोय आणि तो आमच्याकडे बघतोय. विचारलं तर म्हणतो, "आई, त्या ड्रायव्हरच्या बोलण्यात फनी काय आहे? आजी अशीच बोलते."

डोक्यात प्रकाश पडला. घरी मराठी बोलतो आम्ही. वाहन, चालक, भोजन, कृपया हे शब्द त्याला जड वाटतच नाहीत! जी हिंदी ऐकून उत्तरेत लोक गडाबडा लोळले असतील, ती आपल्याकडे एसटीच्या पाटीवर लिहिलेली असते. मग मला वाटायला लागलं की मीसुद्धा लहानपणी त्या भाषेला हसत नव्हतेच, ओमप्रकाशच्या चेहऱ्याला हसत होते.

'गोलमाल'ला मात्र मुलगा लोळला. एक माणूस मिशी लावून आणि काढून दोन होतो, याला सबटायटल लागत नाही.

कात्री_आणि_डिंक

@खारे_वारे, हे फार भारी निरीक्षण आहे. 'चुपके चुपके'ची गोष्ट मूळ बंगालीतली, 'छद्मबेशी' नावाचा सिनेमा आधी येऊन गेलेला. तिथेही भाषेचीच गंमत, पण प्रत्येक भाषेत टोचणारी जागा वेगळी. मराठीत करायचं तर त्या ड्रायव्हरला काय बोलायला लावाल? शुद्ध पुणेरी?

गच्चीवरचा_बगळा

तो मग विनोदी नाही, माहितीपट होईल.

जरा_थांबा

सगळे आरती ओवाळताहेत म्हणून मी जरा वाकडं लिहितो. हलकं घ्या किंवा घेऊ नका.

हे सिनेमे टीव्हीवर गोड लागतात याचं एक कारण असं की त्यात कोणी खरा वाईट नसतो. 'बावर्ची' घ्या. आठ माणसांचं भांडकुदळ घर एक स्वयंपाकी येऊन सुधारतो. घराचं नावच शांति निवास. आमच्या घरात असा स्वयंपाकी आला असता तर त्यालाच पहिल्यांदा भांडायला शिकवलं असतं. 'ख़ूबसूरत'मध्ये शिस्तीची सासू आणि 'निर्मल आनंद'वाली रेखा, कोण जिंकणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. पैशाची चणचण असते पण भाकरीची नसते. शेवटी एक ज्येष्ठ माणूस (बहुधा डेव्हिड किंवा अशोककुमार) गालात हसतो आणि झालं.

आणि 'अभिमान'. गाणी एस. डी. बर्मन यांची, त्याबद्दल शब्द नाही. पण बायको नवऱ्यापेक्षा मोठी गायिका, त्याने जळफळायचं, तिने गाणं सोडायचं, मूल जायचं, ती दगड व्हायची, आणि मग एका गाण्यात सगळं माफ? सुबीर फार स्वस्तात सुटला.

उंबरठा_ओलांडून

सुबीर स्वस्तात सुटला हे मान्य. पण सिनेमा त्याला सोडतो का, याबद्दल मला शंका आहे. शेवटच्या गाण्यात जयाचा चेहरा बघा. ती गाते, रडते, पण आनंदाने फुलून गेलीय असं नाही. आणि संगीतातला जाणकार म्हातारा, डेव्हिड, त्यांच्या लग्नातच बोलून जातो ना, की ही त्याच्यापेक्षा सरस आहे, पुढे काय होणार! दिग्दर्शकाला सगळं दिसत होतं. १९७३ सालात शेवट तेवढाच करता येत होता.

माझी आत्या रेडिओवर गायची. लग्नानंतर तंबोरा गवसणीत गेला तो गेलाच. कोणी मनाई केली नव्हती. कोणी "गा" असंही म्हटलं नव्हतं. आमच्याकडे 'अभिमान' टीव्हीवर लागला तेव्हा आत्या आणि काका दोघंही आलेले होते, दिवाळीचे दिवस. जया गाणं थांबवते त्या प्रसंगानंतर जाहिराती लागल्या. एरवी जाहिराती लागल्या की आमच्या घरात मासळीबाजार भरतो. त्या दिवशी कोणी बोललं नाही. काका उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. थिएटरात अंधार असतो, कोण कोणाकडे बघतंय कळत नाही. टीव्हीसमोर ट्यूबलाइट चालू असते.

जरा_थांबा

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आळूवडी

माझ्याकडेही नाही. बाई, आत्यांना नमस्कार सांगा.

पेन्शनर_नं_१

'जरा थांबा' यांनी 'सत्यकाम' पाहिलेला दिसत नाही. कोणी वाईट नसतं म्हणता? त्यात तर चांगला माणूसच सगळ्यांना जड होतो. १९६९. धर्मेंद्रने पुढे पन्नास वर्षं काम केलं, पण असं काम दुसरं नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर इंजिनियर झालेला पोरगा, खोटं बोलायचं नाही म्हणून एकेक नोकरी गमावतो, बायको-पोराची परवड करतो, आणि शेवटी कॅन्सरने वाचा जाते. संवाद राजिंदरसिंग बेदींचे. हृषीदांना स्वतःच्या सिनेमांत हा सगळ्यात जवळचा होता.

मी सरकारी खात्यात बत्तीस वर्षं काढली. हा सिनेमा टीव्हीवर लागला की मी दुसरं काहीतरी लावतो.

जरा_थांबा

पाहिला नाही, खरं आहे. या शनिवारी बघतो.

गच्चीवरचा_बगळा

मेथी निवडता निवडता बघू नका.

मोगरा७१

घरच्यांना 'मुसाफिर'चा प्रतिसाद दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं." त्याच सगळ्यात जास्त हसायच्या!

कात्री_आणि_डिंक

अवांतर: वांद्र्याला कार्टर रोडवर हृषीदांचा बंगला होता, नाव 'अनुपमा', त्यांच्याच १९६६च्या सिनेमाचं. स्वतःच्या घरातही त्यांनी बरंच चित्रीकरण केलं. त्यामुळे वर कोणी सोफ्याबद्दल लिहिलंय, तो कदाचित खरोखरच त्यांच्या हॉलमधला असेल.

आणि दूरदर्शनसाठी त्यांनी मालिकाही केल्या होत्या, 'हम हिंदुस्तानी', 'तलाश' वगैरे. कोणाला आठवतात का? शेवटी तेही आपल्याच खोक्यात आले म्हणायचे.

जरा_थांबा

'सत्यकाम' पाहिला. रात्री साडेअकराला संपला. बायको झोपायला गेली होती, मी एकटाच होतो. शेवटी तो लहान मुलगा सगळ्यांसमोर आपल्या जन्माबद्दलचं खरं सांगून टाकतो, तेव्हा म्हातारा अशोककुमार ज्या नजरेने त्याच्याकडे बघतो...

पेन्शनर काका, तुम्ही दुसरं काहीतरी का लावता ते कळलं. गोड असतात हे विधान मागे घेतो. 'बावर्ची'बद्दलचं घेत नाही.

पेन्शनर_नं_१

'बावर्ची'बद्दलचं राहू द्या. मलाही तो जरा साखर जास्त पडलेला वाटतो. कुटुंबाला सांगू नका.

आळूवडी

बोलाफुलाला गाठ! आत्ताच 'बावर्ची' लागलाय. टायटल चालू आहेत. लोकांची नावं पाटीवर लिहून येण्याऐवजी अमिताभ वाचून दाखवतोय. कोण कोण बघतंय?

उंबरठा_ओलांडून

मी. कुकर लावून आले.

गच्चीवरचा_बगळा

मी पण. अँटेना नाही, तरी सवयीने एकदा उठून खिडकीबाहेर बघून आलो.

खारे_वारे

इथे पहाटेचे साडेपाच. मी चहा घेऊन बसलेय, दुसऱ्या खिडकीत नेटवर लावलाय, तुमच्याशी जुळवून घेते. कुठे आहात?

आळूवडी

हरींद्रनाथ चट्टोपाध्याय पलंगावर बसून चहासाठी ओरडताहेत. पलंगाखाली दागिन्यांची पेटी.

जरा_थांबा

मीही बघतोय. टीका करायला.

आळूवडी

जाहिरात लागली. तेवढ्यात दूध तापवून येते, काही झालं तर लिहून ठेवा.